बाद करायच्या यादीतलं कपाट

गेल्या मे महिन्यातली गोष्ट आहे, लिहीन लिहीन म्हणत राहून गेली. मी सांगलीत एका सार्वजनिक वाचनालयात काम करतो, सतरा वर्षं झाली. मार्चएंड झाला की आमच्याकडं पुस्तकांची मोजणी असते, म्हणजे एकानं दाखल रजिस्टर घेऊन बसायचं आणि नंबर वाचायचा, दुसऱ्यानं कपाटात ते पुस्तक शोधायचं, सापडलं की टिक, नाही सापडलं की लाल पेन, असं सलग पंधरा-वीस दिवस चालतं. ह्या वेळी त्यात अजून एक काम होतं. इंग्रजी कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट बाद करायचं का ते ठरवायचं होतं आणि त्याची यादी मला संध्याकाळी सहाला समितीपुढं ठेवायची होती.

हे कपाट आमच्याकडं कसं आलं ते आधी सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसलेली की हातानं निघेनात, पहार लावून काढावी लागली, पानं चिकटून नुसती वीट झालेली. खांडेकर, माडगूळकर, अण्णा भाऊ, सगळी आपल्याच जिल्ह्यात जन्मलेली माणसं, त्यांची पुस्तकं आम्ही ट्रॉलीत भरून टाकायला पाठवली. तो दिवस मी विसरणार नाही. नंतर लोकांनी मदत केली, पुण्यामुंबईहून पुस्तकांचे खोके आले, त्या लोकांचे उपकार आहेतच. पण खोके उघडले तर निम्म्याहून जास्त पुस्तकं एकाच पद्धतीची, पातळ, चकचकीत कव्हरची, आपल्याच लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्या. चेतन भगतच्या 'हाफ गर्लफ्रेंड'च्या तर सात प्रती. 'मृत्युंजय' एक आलं, तेही कुणीतरी नवीन विकत घेऊन पाठवलेलं. तेव्हाच मनात आलं होतं की लोक ही पुस्तकं घेतात, एकदा वाचतात, आणि द्यायची वेळ आली की पहिला हात ह्यांच्यावरच जातो. ह्यात काहीतरी कळण्यासारखं आहे.

तर ती सगळी पुस्तकं वरच्या मजल्यावर एका कपाटात लावली आणि पाच-सहा वर्षं ती तिथंच होती. आता जागा पुरेना, दिवाळी अंकांना जागा नाही, स्पर्धा परीक्षेच्या पोरांना टेबल नाही, म्हणून विषय निघाला. समितीतले एक सर, निवृत्त प्राध्यापक आहेत, आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, त्यांचं पहिल्यापासून मत की हा कचरा आहे. सरांचा शब्द साधा नव्हे. पूर आला तेव्हा सत्तरीतला हा माणूस आमच्याबरोबर चिखलात उभा राहून पुस्तकं उचलत होता.

आता माझं मत. ह्या कपाटातल्या चाळीसेक कादंबऱ्या मी वाचल्यात, कारण वाचक विचारतो तेव्हा सांगता आलं पाहिजे. २००४ साली चेतन भगतची पहिली कादंबरी, 'फाइव्ह पॉइंट समवन', ९५ रुपयांना आली तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आमच्या वर्गातल्या पोरांनी अभ्यासाबाहेरचं म्हणून विकत घेतलेलं पहिलं इंग्रजी पुस्तक ते होतं, एकानं घ्यायचं आणि बाराजणांनी वाचायचं. त्याच्या आधी इंग्रजी कादंबरी म्हणजे परीक्षेची, तीपण गाईडमधून. वाक्यं आपण बोलतो तशी, हॉस्टेल, मास्तर, नापास व्हायची भीती, सगळं ओळखीचं. ह्याला कमी लेखू नये असं मला मनापासून वाटतं. अमीश त्रिपाठीचं पण तसंच, बँकेतला माणूस, प्रकाशक घेईनात म्हणून २०१० साली 'मेलुहा', शंकरावरच्या तीन कादंबऱ्यांतली पहिली, स्वतःच्या हिमतीवर बाजारात आणलं, आणि आमच्याकडं अशी पोरं आली जी म्हणायची की दुसरा भाग आहे का, तिसरा कधी येणार. दुसऱ्या भागासाठी पोरगं वाचनालयाच्या पायऱ्या चढतंय हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पण दोष आहेत आणि ते बारीक नाहीत. एकतर एडिटिंग. काही पुस्तकांत तर एका पानावर भूतकाळ, त्याच पानावर वर्तमानकाळ, आणि ज्या पोरांना आधीच इंग्रजीची धास्ती आहे त्यांच्या हातात चुकीचं व्याकरण छापून द्यायचं म्हणजे अन्याय आहे. दुसरं म्हणजे सगळी माणसं एकाच आवाजात बोलतात, बाप, बॉस, मित्र, कुणाचंही वाक्य कुणाच्याही तोंडी घाला. पौराणिकवाल्यांत ऋषी आणि सेनापती ऑफिसातल्या मीटिंगसारखं बोलतात. हिरो म्हणजे इंजिनियर नाहीतर एमबीए नाहीतर बँकेत, मुलगी म्हणजे त्याला मिळायचं किंवा न मिळायचं बक्षीस. लोकप्रिय आहे म्हणून असं होतं हे मला पटत नाही. 'मृत्युंजय' १९६७ सालचं, त्याच्याएवढं खपलेलं मराठी पुस्तक शोधून काढावं लागेल, पण त्यात वृषालीला स्वतःचा भाग आहे, ती स्वतः बोलते, कुंती बोलते, शोण बोलतो. शिवाजीराव सावंतांना हे सुचलं, मग आता लिहिणाऱ्यांना का सुचू नये?

असं सगळं डोक्यात घेऊन मी यादी करत होतो. दुपारचे दोन, लाईट गेलेली, खिडकीशी बसून एकेक प्रत उघडून अवस्था लिहायची, शिलाई सुटली, कव्हर फाटलं, पानं कमी, वगैरे. 'हाफ गर्लफ्रेंड'च्या सात प्रतींमधली चौथी उघडली आणि थांबलो. पहिल्या पानापासून पेन्सिलीनं शब्दांच्या डोक्यावर बारीक मराठी अक्षरं. 'एम्बॅरस' वर ओशाळणे, 'हेझिटेट' वर घुटमळणे, 'स्टेअर' वर टक लावून बघणे. तिसऱ्या पानावर मी मोजले, चौदा शब्द. साठाव्या पानाजवळ पाच-सहावर आले. शंभर पानांनंतर कुठंतरी एखादा. मी पुढं चाळत गेलो तर अर्थ जवळजवळ संपलेले, पण पेन्सिल थांबली नव्हती, आता समासात लिहिलेलं होतं. एका ठिकाणी 'असं का?' एका ठिकाणी 'हे पटत नाही'. आणि एका ठिकाणी, जिथं नायक पोरीच्या मागं लागलाय आणि ती नको म्हणतेय, तिथं उभी रेघ मारून 'हिला कोणी विचारलं?' शेवटच्या पानाच्या खाली तारीख, ११/६/२३.

सतरा वर्षांत खूप पुस्तकं हाताखालून गेली पण अख्खा माणूस वाचायला शिकताना कागदावर दिसलाय असं मी पहिल्यांदा बघितलं. मागची तारखेची चिठ्ठी बघितली, सभासद नंबर काढला. ओळखीच्याच निघाल्या. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितात, पंचेचाळिशीच्या असतील, शनिवारी संध्याकाळी येतात आणि पंधरा मिनिटांत पुस्तक बदलून जातात, जास्त बोलत नाहीत. फोन केला, म्हटलं ताई, आज जमलं तर पाचपर्यंत येऊन जाता का, त्या पुस्तकाबद्दल बोलायचंय.

पावणेपाचला आल्या, धापा टाकत, आणि बसायच्या आधी पर्समधून खोडरबर काढलं.

"भाऊ, दंड किती होतोय ते सांगा, आणि मी खोडून देते सगळं. मला वाटलं पेन्सिलीचं चालतंय."

मी म्हटलं, "ताई, दंडाचं नाही ओ. बसा तर आधी."

पण त्यांनी ऐकलंच नाही, पुस्तक ओढून घेतलं आणि खोडायला लागल्या, मी पाणी आणायला गेलो तेवढ्यात तीन पानं खोडून झालेली. मला इतकं वाईट वाटलं, फोनवर नीट सांगायला पाहिजे होतं. मग हातातनं पुस्तक काढून घेतलं आणि विचारलं की हे कधी, कसं सुरू केलं.

त्यांनी सांगितलं ते असं. बारावी कॉमर्स, मराठी मीडियम. दुकानात बाहेरच्या राज्यातल्या पार्ट्यांचे मेल यायला लागले, मालक म्हणाले तुम्हीच बघा. क्लास लावायला वेळ नाही, आणि ह्या वयात पोरांच्या शेजारी बसायचा संकोच. म्हणून वाचनालयातलं सगळ्यात सोपं दिसणारं पुस्तक उचललं. "वाक्यं छोटी आहेत बघा. एक शब्द अडला तरी पुढं काय होतंय ते कळतंय, मग ठेववत नाही. आणि तो पोरगा बिहारचा, कॉलेजात इंग्रजी बोलताना घाबरतो ना, ते मला माहितीय. फोनवर पार्टी इंग्रजीत सुरू झाली की माझ्या हाताला घाम सुटायचा. ते बरोबर लिहिलंय."

एवढ्यात सर आले. समितीला अजून वेळ होता, शेजारच्या खुर्चीवर बसले आणि ऐकायला लागले. मी त्यांना ती समासातली ओळ दाखवली.

सरांनी विचारलं, "हे तुम्ही का लिहिलंत?"

ताई जरा बिचकल्या. मग म्हणाल्या, "ती पोरगी नाही म्हणते तरी हा ऐकत नाही, आणि पुस्तक त्याच्याच बाजूनं. तिच्या मनात काय ते शेवटी कळतं ते पण तिच्या वह्यांतनं, आणि त्या वह्या पण दुसऱ्याच्या हातात पडल्यावर. समोर बसून ती का बोलत नाही? आणि गाव आलं की शाळेत सोयी नाहीत एवढंच. बायका कुठायत गावातल्या? आमच्या यार्डात हळद निवडायला एवढ्या बायका बसतात, दिवसभर काय काय बोलतात. त्यांच्यावर लिहिलं तर पुस्तकं पुरायची नाहीत."

सर काही बोलले नाहीत. मला आठवलं की मध्ये मी ताईंना आर. के. नारायण यांचं 'स्वामी अँड फ्रेंड्स' दिलं होतं, १९३५ चं, भाषा तेवढीच सोपी. विचारलं कसं वाटलं.

"ते आवडलं. त्यातला मास्तर आमच्याच शाळेतला वाटला. पण भाऊ, पहिल्यांदा हातात तेच दिलं असतं तर दहा पानांत ठेवून दिलं असतं मी. त्यात घाई नाही कशाची. हे वाचून झालं म्हणून ते वाचता आलं."

सहाला मीटिंग सुरू झाली. मी यादी ठेवली आणि ती प्रत पण ठेवली. सर बोलायला लागले आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं बोलले. म्हणाले, मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, माझ्या वर्गात मूळ कादंबरी शेवटपर्यंत वाचणारी मुलं वर्षाला चार-पाच असायची, बाकीची गाईडवर पास व्हायची, आणि इथं एका बाईनं कुणी न शिकवता अख्खी वाचली आणि कादंबरीत चूक कुठं आहे ते पण सांगितलं. पण पुढं लगेच म्हणाले की माझं मत बदललेलं नाही, हे साहित्य म्हणून कच्चं आहे, निम्मी तर पडद्यावर जावी म्हणूनच लिहिल्यासारखी आहेत, सीन मागून सीन, आणि सरकारी अनुदानातला एक रुपया पण ह्यावर घालायचा नाही. मला दोन्ही पटलं. अध्यक्षांनी जागेचा मुद्दा काढला, अर्धा तास त्यात गेला, पंखा बंदच होता.

शेवटी ठरलं ते असं, की एकाच पुस्तकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती ठेवायच्या नाहीत, जास्तीच्या आसपासच्या हायस्कूलना द्यायच्या, आणि कपाट ठेवायचं पण त्याच्या मधल्या खणात नारायण, रस्किन बाँड, सुधा मूर्ती अशी सोप्या इंग्रजीतली दुसरी पुस्तकं लावायची, म्हणजे हे घ्यायला आलेल्याच्या हाताला ते पण लागेल. मधल्या खणाची सूचना सरांची. दुसऱ्या दिवशी ते स्वतःची अकरा पुस्तकं रिक्षातून घेऊन आले.

सातातल्या पाच प्रती गेल्या. ठेवलेल्या दोनांत पेन्सिलवाली एक आहे. वाचनालयाच्या नियमानं लिखाण असलेली प्रत खराब धरतात, म्हणून रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ह्यावर मी बराच वेळ अडलो, मग 'समासात वाचकाच्या नोंदी, प्रत चांगली' असं लिहिलं आणि खाली सही केली. पहिली तीन पानं खोडलेलीच आहेत, ताईंना म्हटलं पुन्हा लिहा, तर म्हणाल्या आता ते शब्द मला येतात की ओ, कशाला लिहू.

त्यानंतर ती प्रत चारजणांनी नेली. दुसरी कोरी प्रत शेजारीच असते, पण नेतात ती हीच. सध्या यशवंतनगरच्या एका मुलीकडं आहे, अकरावीतली आहे, मुदत संपून आठ दिवस झालेत, मी अजून फोन केलेला नाही.