साडेतीन लाखांत मजेची गाडी

मंगळवार, रात्री

आज बाबांना स्पष्ट सांगितलं, मला सेकंड हँड गाडीच घ्यायची आहे आणि ती चालवायला मजा आली पाहिजे. ते म्हणाले, "रोज गोकुळ शिरगावला जायला मजा कशाला पाहिजे गं? अ‍ॅव्हरेज बघ, रिसेल बघ." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. वर्षातून एकदा गोव्याला न्यायच्या गाडीत मजा नसली तरी चालेल. जी रोज सकाळी काढायची आहे, तिच्यात मात्र हवीच. फुलेवाडीतून निघायचं, रंकाळ्याच्या कडेनं संभाजीनगर, पुढे रिंगरोड, उजळाईवाडी, मग हायवे. घर मागं पडलेलं असतं आणि कंपनीतले इन्स्पेक्शन रिपोर्ट अजून पुढ्यात आलेले नसतात. दिवसातला तेवढाच वेळ फक्त माझा.

मजा म्हणजे मला काय हवंय तेही लिहून ठेवते, म्हणजे चकाचक पॉलिश बघून मन फिरणार नाही. गाडी हलकी हवी. स्टिअरिंग वळवलं की पुढचा भाग लगेच वळला पाहिजे. गिअर नुसत्या मनगटानं पडला पाहिजे. इंजिनाला वर चढायची हौस पाहिजे. ताकद किती हे त्यानंतर. रिंगरोडवर लहान इंजिनाची गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मनसोक्त ओढता येते. मोठ्या ताकदीच्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता पाय टेकवून बसावं लागतं.

एकूण साडेतीन लाख. त्यातले तीस-पस्तीस हजार टायर, बॅटरी, ऑइल-कूलंट आणि ट्रान्सफरसाठी बाजूला. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि दोन एअरबॅग नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. एबीएस सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांत ते व्हेरिएंटवर असायचं, म्हणून नुसतं मॉडेलचं नाव विचारून भागत नाही.

रविवार

दिवसभर गाड्या बघितल्या.

पोलो जीटी टीएसआय मनात बसली होती, आणि चालवल्यावर आणखी बसली. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर ओढ (टॉर्क). दार लावलं की आवाजावरूनच भक्कमपणा कळतो, आणि एअरबॅगसह पोलोला २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत चार तारे मिळाले होते. पण तिचा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ड्राय क्लचचा. शिफ्ट सुटायच्या वेळी रांगत जाणाऱ्या रहदारीत तो रोज तापणार, आणि मेकॅट्रॉनिकचं (गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटचं) काम निघालं तर माझे बाजूला ठेवलेले पैसे त्यातच संपतील. वाईट वाटलं, तरी नाही म्हणाले.

फिगो १.५ डिझेल. १०० पीएस आणि २१५ न्यूटन मीटर, आणि तेही एवढ्याशा गाडीत! दुसऱ्या गिअरमध्ये सीटला पाठ चिकटते. फोर्डनं भारतातलं उत्पादन थांबवायची घोषणा सप्टेंबर २०२१ मध्ये केली, त्यामुळे भाव उतरलेत. रोज कागल-निपाणी करणाऱ्या माणसानं डोळे झाकून घ्यावी. माझ्या रस्त्यावर मात्र डिझेल नीट गरम होईपर्यंत कंपनीचं गेट येणार.

स्विफ्ट बाबांची आवडती. चांगलीच गाडी आहे, पण कोल्हापुरात तिला मागणी एवढी की माझ्या पैशात फार चाललेलीच मिळते.

आता आजची खरी गोष्ट. एका डीलरकडे पांढरी हॅचबॅक होती, रनिंग कमी, भाव मनासारखा. उद्यमनगरातले मिस्त्री काका बरोबर होते. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी ड्रायव्हरचा सीटबेल्ट धरला आणि शेवटपर्यंत बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर पिवळसर डाग, आणि एका जागी सरळ रेष. मग सीटखाली हात घातला. सीटची रेल गंजलेली, बोल्टच्या खाचेत वाळलेला गाळ. डिकीतली स्टेपनी उचलली, तिच्या खाली तसाच मऊ, बारीक गाळ. पंचगंगेकाठच्या माणसाला तो ओळखायला शिकवावं लागत नाही.

"ताई, पाण्यात बसलीया ही. इंजिन धुतलं असंल, वायरिंग कोण धुणार?"

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी पंचावन्न फुटांच्या वर गेलं. पार्किंगमध्ये उभ्या गाड्या टपापर्यंत बुडाल्या, हायवे शिरोलीपाशी बंद पडला. त्यातल्या काही गाड्या विम्यात टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही अशा) ठरल्या, काही धुऊन-पुसून बाजारात आल्या. अशी गाडी घेताना सुरू होते, चालते, एसीही थंड करतो. नंतर हळूहळू कनेक्टर हिरवे पडतात, सेन्सर दगा देतात, आणि एअरबॅगचं कंट्रोल युनिट ऐन वेळी काम करेल का हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. म्हणून आपल्याकडे २०२१ च्या आधीची कुठलीही गाडी बघताना पहिला प्रश्न हाच: महापुरात ही कुठे उभी होती? सांगली, इचलकरंजी पासिंग असेल तरी हाच. उत्तराबरोबर विम्याच्या क्लेमची माहिती मागायची, आणि तरीही सीटबेल्ट ओढून बघायचाच. डीलर म्हणाला, पावसात काच उघडी राहिली होती. मला राग आला. या गाडीत उद्या कुणाचं तरी लेकरू बसणार आहे.

बुधवार

होंडा ब्रिओ. राजारामपुरीतल्या एका निवृत्त शिक्षकांची, २०१५ ची, व्ही व्हेरिएंट, म्हणजे एबीएस आणि दोन्ही एअरबॅग. पहिलेच मालक. सकाळी जाऊन आधी बॉनेटवर हात ठेवला, गार होतं. आपण पोचायच्या आत कुणी इंजिन तापवून ठेवलं, तर थंड स्टार्टची खरखर आणि धूर दोन्ही झाकले जातात. ही एका चावीत सुरू झाली आणि लगेच शांत झाली.

भारतात ही गाडी २०११ मध्ये आली, आता इथे बनत नाही. १.२ लिटरचं चार सिलिंडरचं आय-व्हीटेक पेट्रोल इंजिन, ८८ पीएस, टर्बो नाही. टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायचा खर्च नाही. आकडे बघून कुणी वळूनही बघणार नाही. पण वजन हजार किलोच्या आत, आणि लांबी साडेतीन मीटरपेक्षा थोडीच जास्त. महाद्वार रोडच्या गर्दीतही ती वळेल.

सर म्हणाले, "पन्हाळ्याकडं नेऊन बघा, सपाट रस्त्यावर गाडी कळत नाही." शिवाजी पूल ओलांडून केर्ली, पुढे वाघबीळ. मिस्त्री काका शेजारी, कान गिअरबॉक्सकडे. चढाला दुसरा गिअर टाकला. साडेतीन हजारांपर्यंत इंजिन नुसतं ऐकून घेत होतं, पुढे एकदम बोलायला लागलं. अशा इंजिनाकडून ताकद मागून घ्यावी लागते, गिअर वेळेवर टाकावे लागतात, आणि मला नेमकं तेच काम आवडतं. वळणावर नाक जिथे न्यायचं तिथे गेलं. वेग फारसा नव्हताच, तरी पन्हाळ्याच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मी एकटीच हसत होते.

उणिवाही आहेत. डिकी जेमतेम १७५ लिटरची, एक मोठी बॅग आणि भाजीची पिशवी संपली. पत्रा पातळ, खराब रस्त्यावर आवाज आत येतो. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते आपल्या उसातूनही निघतं याचा आनंद आहे, पण २०१५ ची गाडी त्या हिशेबानं बनलेली नाही, तेव्हा इंधनाचे रबरी पाइप वरचेवर बघावे लागतील आणि अ‍ॅव्हरेज थोडं कमी धरावं लागेल.

उद्यमनगरात लिफ्टवर घेतली. सस्पेन्शनचे पुढचे लिंक रॉड वाजतात, बाकी खालचा पत्रा कोरडा. स्कॅनरवर एकही एरर नाही. ब्रेक पेडलच्या रबराची आणि स्टिअरिंगची झीज मीटरशी जुळते, सर्व्हिसच्या नोंदी सलग आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत स्वच्छ. टायरवर शेवटचे चार आकडे १४१७, म्हणजे २०१७ च्या चौदाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर शिल्लक आहे, पण रबर कडक झालंय. पावसाळ्याआधी चारही नवे घालणार. हे दाखवल्यावर सरांनी काही न बोलता किंमत उतरवली. टायर-लिंक रॉड धरून सगळं साडेतीनच्या आत बसतंय.

गुरुवार

टोकन दिलं. गाडी एमएच ०९ चीच आहे, त्यामुळे दुसऱ्या आरटीओची एनओसी लागणार नाही. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, आणि आरसीवर बँकेचा बोजा नाही हे तपासून झालं. रजिस्ट्रेशन २०३० पर्यंत आहे. विमा चौदा दिवसांच्या आत माझ्या नावावर करायचा. सरांचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, म्हणून प्रीमियमचा फरक मला भरावा लागेल. बाबांनी पावतीसाठी कोरा कागद काढून ठेवलाय. त्यावर मीटरचं रीडिंग, चेसिस नंबर आणि ताबा घेतल्याची तारीख-वेळ लिहायची, म्हणजे आधीचं एखादं ई-चलान निघालं तर ते कुणी भरायचं यावरून सरांशी वाद होणार नाही. आणि शनिवारी सकाळी पहिल्यांदा बाबाच चालवणार आहेत, स्वतःहून म्हणालेत.