पंपाचं ऑइल चहासारखं झालं तेव्हा

आमच्या वॉशिंग सेंटरवरचा तीन पिस्टनचा प्रेशर पंप मागच्या पावसाळ्यात खरखरायला लागला, मी म्हटलं चालतोय तोवर चालू दे, आणि एक दिवस ऑइलच्या काचेत बघतो तर काय, ऑइल दुधाळ, अगदी टपरीवरच्या चहासारखं! म्हणजे पाणी अडवणारं रबरी सील गेलं, पाणी आत शिरलं. नुसतं ऑइल बदलून भागत नाही, आधी सील बदला. बऱ्याच पंपांचं पहिलं ऑइल ५० तासांनी काढायचं असतं, मग दर ५०० तासांनी, मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं पण वाचतो कोण. होज रीलला (पाइप गुंडाळायची चकरी) वॉटरप्रूफ ग्रीस, तेही जुना चिखल पुसून मगच. आणि मोटरच्या बेअरिंगला ग्रीस गनचे दोनच स्ट्रोक, जास्त दाबलं की सील फुटतं, आमच्या पोराला सांगितलंय पगारातून कापेन (नाही कापत हो, घाबरवतो फक्त).