काउबॉय, खोटा साखरपुडा आणि मॉन्टाना: माझी पहिली कादंबरी

खोट्या साखरपुड्याचा साचा इंग्रजी रोमान्स वाचणाऱ्यांना पाठ असतो. दोघांना एकमेकांची गरज असते, दोघं जगासमोर लग्न ठरल्याचं नाटक करतात आणि नाटक करता करता खरंच जीव जडतो. मी लिहायला बसले तेव्हा पहिल्याच प्रकरणाला अडले. आजच्या काळात दोन सज्ञान माणसं असं खोटं कशासाठी बोलतील? मोठ्या शहरात कुणाचं लग्न ठरलं काय, मोडलं काय, शेजाऱ्यालाही पत्ता नसतो. हे खोटं चालतं ते गावात, जिथे ऐकणारं माणूस ते लक्षात ठेवतं. आणि मी तेव्हा अशाच एका गावात राहत होते.

माइल्स सिटी हे पूर्व मॉन्टानातलं गाव, टंग नदी यलोस्टोनला मिळते तिथे वसलेलं, वस्ती आठ हजारांच्या आसपास. चहूकडे गुरांच्या रँचेस. माझा नवरा डॉक्टर. जे-१ व्हिसावर अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरांना पुढे दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम केलं की कॉनराड ३० या योजनेखाली ती माफ होते. आम्ही त्या वाटेने इथे आलो. किराण्याच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, वाचनालयात, जो भेटेल तो हेच विचारायचा, ‘राहणार ना?’ आधीचे डॉक्टर तीन वर्षं भरली की निघून गेलेले, त्यामुळे विचारण्यात आपुलकीही असायची आणि सावधपणाही. त्या प्रश्नातून मला कादंबरी मिळाली.

माझी नायिका जनावरांची डॉक्टर झाली. शिक्षणाचं कर्ज फिटावं म्हणून पशुवैद्यांनी टंचाईच्या भागात तीन वर्षं काम करण्याची केंद्र सरकारची योजना अमेरिकेत आहे. ती त्या योजनेतून येते. गावाला माहीत असतं की ही जाणार, म्हणून रँचवाले तिला बोलावायला कचरतात. नायक एका विधवा बाईंची जमीन भाड्याने घेऊन गुरं चारतो. बाईंना जमीन विकायचीय, पण बाहेरच्या धनिकाला शिकारीच्या बंगल्यासाठी नाही. इथे टिकून राहील अशा कुटुंबाला त्या हप्त्यांवर द्यायला तयार आहेत, आणि एकट्या पुरुषावर त्यांचा भरवसा नाही. लग्न ठरलंय म्हटल्यावर दोघांचीही अडचण सुटते. मे महिन्यात माइल्स सिटीत बकिंग हॉर्स सेल, म्हणजे रोडिओसाठीच्या उधळ्या घोड्यांचा लिलाव भरतो. त्यावरूनच बेतलेल्या, माझ्या काल्पनिक गावाच्या जत्रेत नायक सगळ्यांसमोर ते खोटं बोलून जातो.

यानंतरचं काम म्हणजे रँचचं वर्ष समजून घेणं. आमच्या ओळखीच्या एक आजी, सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यभर गुरांत गेलेल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मी वर्षाचा हिशेब उतरवून घेतला. फेब्रुवारी-मार्चपासून गायी विणार, मे-जूनमध्ये वासरांना मालकीच्या खुणेचे डाग द्यायचे, उन्हाळ्यात गुरं दूरच्या कुरणात, जुलै-ऑगस्ट गवत कापून गठ्ठे बांधायचे, ऑक्टोबरात वासरं आईपासून तोडून ट्रकवर. “तुझा माणूस मार्चमध्ये तिला जेवायला बाहेर नेत असेल,” आजी म्हणाल्या, “तर तो रँचवाला नाही, एवढं मी सांगते.” मग मी कादंबरीचं कथानकच त्या वर्षावर बेतलं. मार्चमधली भेट गोठ्यात, रात्री दोनला, उलटं अडकलेलं वासरू ओढताना होते. दोघांचे हात कोपरापर्यंत माखलेले, आणि बाहेर पारा शून्याच्या खूप खाली.

डाग देण्याचा दिवस आजींनीच दाखवला. पहाटे शेजारपाजारच्या रँचेसवरून माणसं घोडे घेऊन आली. मजुरी कुणालाच नसते. यजमानाने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे राबायला जायचं. आपल्याकडची इर्जिक जशी, अगदी तशीच ही रीत. घोड्यावरचा माणूस वासराच्या मागच्या पायांत दोर टाकतो, दोराचे वेढे खोगिराच्या खुंटाला देतो आणि वासरू ओढत आणतो. जमिनीवर दोघं जण ते दाबून धरतात, मग लस, खच्ची करणं आणि डाग. तापलेलं लोखंड टेकलं की पिवळट धूर उठतो आणि जळक्या केसांचा वास घशात बसतो, रात्री आंघोळ करूनही जात नाही. जेवणाच्या वेळी एक म्हातारे गृहस्थ माझ्याशेजारी बसले. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता. वेढे घेताना अंगठा दोर आणि खुंट यांच्यात सापडला आणि तिकडून जनावराने हिसका दिला की तो तुटतोच, असं ते शांतपणे पोळपाटाएवढ्या पावाला लोणी लावत सांगत होते. माझ्या नायकाचा उजवा अंगठा तेव्हापासून अर्धाच आहे. नायिका पहिल्यांदा त्याच्या हाताकडे बघते ते त्यामुळे.

आणखी एक वस्तू मला तिथेच मिळाली. विण्याच्या दिवसांत रँचवाल्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असते. गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख, वासरू नर की मादी, वीण कशी झाली, एवढंच त्यात. कादंबरीच्या मध्यावर नायिका एक नंबर शोधायला त्याची वही उघडते आणि ‘४१७, रात्री २, उलटं, जिवंत’ याच्या खाली तिला दिसतं, ‘तिला कॉफीत साखर लागत नाही.’ त्या पानावर प्रेम हा शब्द कुठेही नाही. माझ्या मते ते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

मग कायदा. खोटा साखरपुडा लिहायचा तर मोडलेल्या साखरपुड्याचं काय होतं हे कळायला हवं, आणि इथे मॉन्टानाने मला फार दिलं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत साखरपुडा मोडला की अंगठी परत करावी लागते. मॉन्टानाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००२ साली एका खटल्यात निकाल दिला की अंगठी एकदा दिली की ती पूर्ण झालेली भेट. लग्न होवो न होवो, ती जिला दिली तिचीच. शिवाय हे राज्य विधी न करता झालेला विवाहही मानतं: दोघं लग्नाला पात्र असावीत, दोघांची संमती असावी, एकत्र राहावीत आणि चारचौघांत नवरा-बायको म्हणून वावरावीत. या दोन गोष्टींवर माझी दोन प्रकरणं उभी राहिली. एकात नायिकेची काउंटी कचेरीतली मैत्रीण तिला बजावते, “ठरलंय म्हणा, हवं तितक्या वेळा म्हणा, पण हिमवादळात त्याच्या घरी अडकलात म्हणून कुणापुढे ‘माझा नवरा’ म्हणू नकोस.” दुसऱ्यात नायिका आजेसासूची अंगठी परत द्यायला जाते आणि तो घेत नाही. कायद्याने ती तुझी आहे, म्हणतो.

खरा कस लागला मधल्या भागाला. नाटक करणाऱ्या दोघांना त्याची किंमत मोजावी लागत नाही तोवर वाचकाने काळजी कशाची करायची? आमच्या इथे लग्न ठरलं की चर्चच्या तळघरात बायका मिळून गोधडी शिवतात. मी एका लग्नासाठी त्यांच्यात बसले होते. चौकटीवर ताणलेलं कापड, दोन्ही बाजूंनी सुया, आणि हळूहळू निघणाऱ्या घरोघरच्या गोष्टी. कादंबरीत अशीच गोधडी नायिकेसाठी शिवली जाते, आणि तिच्या कोपऱ्यात विधवा बाई आपल्या रँचचा डाग भरतात. मॉन्टानात डाग ही नोंदलेली मालमत्ता आहे. पशुधन खात्याकडे त्याची नोंद असते, तो जनावराच्या नेमक्या कुठल्या अंगावर उठवायचा हेही ठरलेलं असतं, दर दहा वर्षांनी नोंद नव्याने करावी लागते, तो विकता येतो आणि वारशाने देताही येतो. कोपऱ्यातला तो डाग बघून नायिकेला कळतं की बाई तिला जमिनीहून मोठं काहीतरी देऊ करताहेत, तेही एका खोट्यावर विसंबून.

पैसे देऊन नेमलेल्या संपादक बाईंचं म्हणणं होतं की नायकाच्या जुन्या मैत्रिणीने येऊन भांडाफोड करावा, म्हणजे नाट्य येईल. मी ऐकलं नाही. भांडाफोड दुसऱ्याने केला तर नायक-नायिका फक्त पकडले जातात. माझी नायिका स्वतः तळघरात उभी राहते आणि त्या सगळ्या बायकांसमोर खरं सांगते. त्यानंतर कोण बोलतं, कोण सुई खाली ठेवून निघून जातं, हे लिहिताना मला रडू आलं होतं, आणि त्या पानांत मी आजही काही बदलणार नाही. शेवट अर्थात सुखाचा. प्रेमकथा मध्यवर्ती आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा, हा या प्रकाराचा वाचकाशी करारच आहे.

प्रकाशनाचं थोडक्यात सांगते. कामाच्या व्हिसावर असलेल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो, आणि त्यावर परवान्याशिवाय कमाई करता येत नाही. २०१५ पासून जोडीदाराचा आय-१४०, म्हणजे कायम वास्तव्याच्या वाटेवरचा अर्ज, मंजूर झाला की कामाचं परवानापत्र मिळू शकतं. ते हातात येईपर्यंत पुस्तक तसंच ठेवलं. मग केडीपी या ॲमेझॉनच्या स्वयंप्रकाशनाच्या सेवेवर स्वतः काढलं. तिथे ई-पुस्तकाची किंमत २.९९ ते ९.९९ डॉलरच्या मध्ये असेल तर ७० टक्के मानधन मिळतं, एरवी ३५. मी ४.९९ ठेवली. किंडल अनलिमिटेड या वर्गणी भरून वाचायच्या योजनेत टाकलं तर ९० दिवसांच्या मुदतीत ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही आणि वाचलेल्या पानांप्रमाणे पैसे मिळतात. तरी मी टाकलं, कारण रोमान्सचे भरमसाट वाचणारे वाचक तिथेच आहेत. मुखपृष्ठकाराने आधी उघड्या छातीचा, गवती हॅट घातलेला माणूस बर्फात उभा केला होता. गवती हॅट उन्हाळ्याची, थंडीत फेल्टची. इथल्या बायकांनी ते पहिल्या नजरेत ओळखलं असतं, म्हणून मी ते बदलून घेतलं आणि माणसाला कोटही घालायला लावला.

आजींनी छापील प्रत पेन्सिल घेऊन वाचली. तारेच्या कुंपणाच्या वर्णनाशेजारी त्यांनी ‘चार नाही, पाच तारा’ असं लिहिलंय, आणि तळघराच्या प्रकरणाशेजारी ‘मी उठून गेले नसते’. दुसऱ्या कादंबरीचं काम आता सुरू आहे. ती विधवा बाईंच्या नातीची गोष्ट, ऑक्टोबरात वासरं ट्रकवर चढवण्याच्या दिवशी सुरू होणारी, आणि तिच्यातली सगळी कुंपणं पाच तारांची आहेत.