आमच्या घरची सेन्सॉरबाई

आमच्या घरात टीव्ही एकच, मधल्या खोलीत. रविवारी रात्री तिथे आठ जण असतात: मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, भासरे म्हणजे थोरले दीर, जाऊबाई, त्यांचा 14 वर्षांचा मुलगा, माझी दोन आणि दाराशी मी. आमचे हे दुकानाचा हिशोब करता करता अर्धवट पाहतात, त्यांना मोजत नाही. सिनेमा मी निवडते, कारण शनिवारी रात्री इअरफोन लावून तो आधी पाहून ठेवायचं काम माझं. कोणी दिलेलं नाही. एका दिवाळीत एक लव्हस्टोरी न पाहताच लावली होती, आणि नको तिथे नेमका मामाजींनी घाईघाईत रिमोटवर आवाजच वाढवला. तेव्हापासून.

मारधाडीच्या सिनेमाचं काही नसतं. रक्ताचे पाट वाहिले तरी सगळे तुरीच्या शेंगा सोलत बसतात. फसवतो तो प्रेमाचा विनोदी सिनेमा. पोस्टरवर लग्नाचा मांडव, आत काय असेल सांगता येत नाही.

सुरुवातीला कोपऱ्यात आकडा येतो, यूए 13+ वगैरे. थिएटरच्या सिनेमाला तो सेन्सॉर बोर्ड देतं. यूएचे 7, 13 आणि 16 असे भाग 2023 च्या कायदादुरुस्तीनं झाले. थेट ओटीटीवर येणाऱ्याला मात्र 2021 च्या नियमांप्रमाणे कंपनी स्वतःच वर्ग ठरवते. पेपर लिहिणारा तोच, तपासणाराही तोच. शिवाय यूए म्हणजे बंदी नव्हे, आईबापांना सूचना. आकड्याखाली बारीक अक्षरात 'भाषा', 'प्रणय' असं काही लिहिलेलं असतं. मी ते थांबवून वाचते, आकड्यापेक्षा ते कामाचं.

पण हे सगळं वय मोजतं. आमच्या घरात अडचण वयाची नसते, नात्याची असते. जाऊबाई आणि मी दोघीच असलो तर 16+ सुद्धा खिदळत पाहतो. आत्याबाईंसमोरही बरंच चालतं. एकदा नायक-नायिका फार जवळ आले तर त्या म्हणाल्या, "थंडी वाजून राहिली असन माय त्याहिले." भासरे खोलीत असले, की मात्र नुसता हात हातात घेतला तरी मला शेंगांच्या टोपलीत काहीतरी शोधायचं असतं. डोक्यावरचा पदर गेला, भासऱ्यांची भीड राहिली. त्यांचंही तेच. गाणं सुरू झालं की त्यांना हमखास ओलिताची मोटार आठवते. "लाईन आली काय पाहून येतो." त्या आठवड्यात आमच्या फिडरला लाईन, म्हणजे शेतीची वीज, दिवसाची असली तरी.

म्हणून मी इतके दिवस एवढंच तपासत होते, कोणाला कुठे लाज वाटेल. वहीत मिनिटं लिहायची. 42 ला पाणी आणायला उठायचं, 1 तास 10 ला पुढे पळवायचं. चुंबन नाही, शिवी नाही, की सिनेमा पास.

मागच्या महिन्यात असाच एक पास केलेला लावला. एक सेकंदही पळवावा लागला नाही. नायक मुलीच्या मागे कॉलेजपासून घरापर्यंत फिरतो, मैत्रिणीकडून तिचा नंबर काढतो, ती चारदा नाही म्हणते, मग पाऊस, मग ती हो म्हणते. सगळे हसले. मीही हसले, दोनदा. पुतण्या सगळ्यात मोठ्यानं. सहावीतली माझी मुलगी म्हणाली, "मम्मी, पण थे तं नाही म्हणून राहिली न?" कोणी उत्तर दिलं नाही, पुढचा विनोद आला होता.

पुढच्या वर्षी ती एसटीनं दारव्ह्याला शाळेत जाईल. स्टँडवर उभी राहील. मुलीनं नको म्हटल्यावरही मागं लागत राहणं 2013 पासून कायद्यानं गुन्हा आहे. नव्या न्याय संहितेत तो कलम 78 मध्ये आहे. आणि मी तो अख्खा गुन्हा, गाण्यासकट, शनिवारी पाहून पास केला होता. त्यात कोणी कोणाला हातही लावला नव्हता ना.

आता वहीत नवा रकाना आहे: तिनं नाही म्हटल्यावर तो काय करतो. जाड्या मैत्रिणीवर किती विनोद आहेत तेही लिहिते. चुंबनाचं मिनिट अजून लिहिते, भासरे आहेतच.

परवाच्या रविवारी यूए 13+ लावला. चुंबन एक, 58 व्या मिनिटाला. पण त्यातला पोरगा नाही म्हटलं की गुमान घरी जातो, आणि पुढे तीच त्याला फोन करते. जाऊबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. 55 ला गाणं लागलं आणि भासऱ्यांनी चप्पल घातली.

"अरे, लाईन तं सकाळची हाय," आत्याबाई म्हणाल्या. ते गेलेच. पुतण्यानं मोबाईलमध्ये डोकं घातलं. आत्याबाई सोलत सोलत पाहत राहिल्या.

दहा मिनिटांनी भासरे आले. दारातूनच, कोणाकडेही न पाहता: "जमलं काय त्याहिचं?"

मी जाऊबाईंकडे पाहून उत्तर दिलं, "अजून नाही. विचार करून सांगतो म्हणे ती."

"बरं," म्हणाले, आणि टोपली जवळ ओढून बसले.