आमची वाटचाल : बॅटरीच्या पाण्यापासून डीईएफपर्यंत

आमचा मूळ धंदा बॅटरीच्या पाण्याचा. वडिलांनी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात डीएम प्लांट, म्हणजे पाण्यातले क्षार काढायचं यंत्र, टाकला, तेव्हा द्वारकेपासून आडगाव नाक्यापर्यंतच्या बॅटरीवाल्यांकडे आमचे कॅन जायचे. त्यामुळे क्षार धरून ठेवणारे दाणे, म्हणजे रेझिन, कधी थकतं, ॲसिड-कॉस्टिक देऊन ते परत कधी उठवायचं, हे मला कॉलेजच्या आधीच कळायला लागलं होतं. पुढे बीएस-४ या धुराच्या नियमातल्या काही मोठ्या डिझेल गाड्यांना डीईएफ (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरिया आणि पाण्याचं द्रावण) लागायला लागलं आणि वडील म्हणाले, पाणी आपल्याकडे आहेच, उरला फक्त युरिया. खरं तर उरलं बरंच काही होतं. पण ६७.५ टक्के माल पाणीच असतो, एवढं त्यांचं बरोबर होतं.

१ एप्रिल २०२० ला धुराचा आणखी कडक नियम, बीएस-६, लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी लॉकडाऊन. एसएस ३१६ स्टेनलेस स्टीलची नवी टाकी, नवा स्टिरर, छापून आलेली लेबलं, आणि हायवेवर चिटपाखरू नाही. पुढे गाड्या सुटल्या, कांद्याचा आणि द्राक्षांचा हंगाम लागला, जम बसला. त्या काळात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगायचं आहे ते २०२१ च्या दिवाळीनंतरचं. चीनने युरियाच्या निर्यातीवर लगाम घातला. दक्षिण कोरियात ट्रक उभे राहायची वेळ आली, तर आपल्याकडे डीईएफला लागणाऱ्या शुद्ध, टेक्निकल ग्रेड युरियाचा भाव रोज सकाळी फोन करून विचारावा लागायला लागला. नेमक्या त्याच दिवसांत आमच्याच भागातल्या एकाने वीस लिटरची बादली आमच्या नुसत्या कच्च्या मालाच्या खर्चापेक्षा कमी भावात विकायला काढली. नाव लिहीत नाही. लाइनमधल्या लोकांना सांगायची गरजही नाही.

हा भाव कसा परवडतो, त्याचा हिशेब कोणीही करावा. हजार लिटर डीईएफला साधारण ३५४ किलो युरिया लागतो. शेतकऱ्याला मिळणारी अनुदानाची ४५ किलोची गोणी २६६.५० रुपयांना. एका गोणीत सव्वाशे लिटरच्या वर माल निघतो, म्हणजे लिटरला जेमतेम दोन रुपयांचा युरिया. त्यात बोअरचं पाणी फुकट. अनुदानाचा युरिया असा वळवणं गुन्हा आहे, पण ते बाजूला ठेवू. २०१५ पासून शेतीचा सगळा युरिया निमकोटेड आहे. फडक्यातून कितीही गाळा, कडुनिंबाचं तेल थोडंतरी मागे राहतंच. आणि आपल्या बेसाल्टमधलं बोअरचं पाणी म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. डीईएफच्या आयएसओ २२२४१ या मानकात कॅल्शियमची मर्यादा किलोला ०.५ मिलिग्रॅम आहे. बोअरच्या पाण्याने ती पाळायची म्हणजे विषयच संपला.

गिऱ्हाइकांचं म्हणणं एकच, 'गाडी चालतेय ना?' चालते. सुरुवातीला चालतेच. काहींनी तर आमचाच माल घेऊन त्यात पाणी घालायला सुरुवात केली. एक मालक मला म्हणाले, ३२.५ टक्के युरिया हे थंड देशांसाठी, नाशकात कुठे बर्फ पडतो? अर्धी गोष्ट खरी आहे. त्या प्रमाणाला द्रावण उणे ११ अंशांपर्यंत गोठत नाही, गोठायचा अंश याहून खाली कुठल्याच प्रमाणाला जात नाही. पण गाडीचा कॉम्प्युटर त्याच प्रमाणावर डोस मोजतो. पाणी वाढलं की सायलेन्सरमध्ये अमोनिया कमी तयार होतो, धुरातला विषारी वायू, नॉक्स, पुरता मोडत नाही, मागचा सेन्सर ते पकडतो. आधी लाइट लागतो, मग गाडी ओढ सोडते. भरलेला ट्रक कसारा घाटात ओढ सोडतो तेव्हा वाचवलेले दोन-चारशे रुपये आठवत नाहीत.

याच काळात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या गाड्या एकामागून एक वर्कशॉपला लागल्या. धुरात डीईएफ फवारणारा डोसिंग इंजेक्टर काढला तर नोझलभोवती पांढरा खडा, नखाने उकरला तरी निघत नव्हता. वर्कशॉपने कागदावर लिहून दिलं : डीईएफ खराब. बादल्या आमच्या, लेबल आमचं. त्यांनी तीन महिन्यांचं पेमेंट अडवलं आणि बातमी ट्रान्सपोर्टनगरात आमच्या आधी पोहोचली. कालपर्यंत 'शेठ, गाडी कधी पाठवताय' म्हणणारे फोन उचलेनात. बँकेचे हप्ते थकले. हेल्परला कामावर येऊ नको म्हणावं लागलं. गाळा सोडायचा का, यावर घरात बोलणं सुरू झालं.

पिंपळगावचे एक ट्रान्सपोर्टवाले आहेत, अख्खी लाइन त्यांना नाना म्हणते. बॅटरीच्या पाण्यापासूनचं गिऱ्हाईक. माल घेताना बादलीचं सील अंगठ्याने दाबून बघणार, मग द्रावण किती घट्ट ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकून उजेडाकडे धरणार. रेघ ३२.५ वर दिसली तरच बादली गाडीत. ते एका सकाळी गाळ्यावर आले ते त्या गिऱ्हाइकाच्या गोडाऊनमधली एक बादली मांडीवर घेऊनच. कुठून आणली ते मी विचारलं नाही. म्हणाले, "भाऊ, बादली तुमची, पण आतला माल तुमचा नाही. हुंगून बघा."

कडुनिंबाचा वास. बारीक, पण होता. रिफ्रॅक्टोमीटरवर रेघ २७ च्या आसपास. लेबलवरचा बॅच नंबर वहीत शोधला, तर ती बॅच मालेगावला गेलेली, तीही बऱ्याच आधी. म्हणजे आमच्या रिकाम्या बादल्या भंगारातून उचलून पुन्हा भरल्या जात होत्या. प्रत्येक बॅचची एक लिटरची बाटली आम्ही तारीख टाकून सावलीत ठेवतो. वडिलांची बॅटरीच्या पाण्यापासूनची सवय. ती बाटली आणि ती बादली, दोन्ही लॅबला पाठवली. बादलीत कॅल्शियम मर्यादेच्या कितीतरी वर, आमच्या बाटलीत सगळं मापात. रिपोर्ट घेऊन नाना स्वतः माझ्यासोबत त्या ऑफिसात आले. तिथे चहा मिळाला. पुढच्या महिन्यापासून ऑर्डरही सुरू झाली. कोणी 'चुकलं' असं म्हटलं नाही, आणि अडवलेल्या पेमेंटमधलं निम्मंच आलं.

तेव्हापासून रिकामी बादली आम्ही पैसे देऊन परत घेतो आणि तिथेच बुडाला भोक पाडतो. नानांच्या यार्डात हजार लिटरची टाकी आणि पंप बसवला, बादलीचा प्रश्नच मिटला. त्यांचं बघून आणखी काही जणांनी टाक्या घेतल्या.

आता दोन गोष्टी, कोणी विचारल्या नसल्या तरी. नुसत्या रिफ्रॅक्टोमीटरवर विसंबू नका. तो पाण्यात काहीतरी विरघळलंय एवढंच सांगतो. साखरेचं पाणी घट्ट केलं तरी तोच आकडा दाखवेल. पाणी मारलेला माल तो पकडेल, बोअरचं पाणी पकडणार नाही. बिलासोबत बॅचचा रिपोर्ट मागा. डिझेलचं नरसाळं डीईएफला लावू नका. पितळी नळ, जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेला) ड्रम तर नकोच, डीईएफ असला धातू खातं. उन्हात पत्र्याच्या शेडखाली साठा करू नका. सतत ३५ अंशांत माल सहा महिन्यांच्या पुढे धरू नये, आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला माहीत आहे. घरी करायची हौस असेल तर मिक्स बेड रेझिन, पाण्यातले क्षार दाखवणारा कंडक्टिव्हिटी मीटर आणि टेक्निकल युरिया आणा, मग हिशेब करा. एक-दोन गाड्यांसाठी तो कधीच बसत नाही. मी हे धंदा वाचवायला बोलतोय असं वाटत असेल तर तसंही समजा.

तो स्वस्तवाला आता दुसरं काहीतरी विकतो. युरिया विरघळताना उष्णता ओढून घेतो, त्यामुळे भर उन्हाळ्यातही आमच्या टाकीला बाहेरून दव सुटतं. नवीन पोरं टाकी गळतेय म्हणून धावत येतात. लवकर विरघळावं म्हणून कढत पाणी ओतायचा मोह त्यांना होतो, ते मी करू देत नाही. स्टिरर फिरू दे, वेळ लागू दे.

त्या मोठ्या गिऱ्हाइकाची जुनी बाकी वहीत अजून लाल शाईत आहे. त्यांचा मॅनेजर आता दर पंधरवड्याला टाकी भरून मागतो. माल जातो, पण आधी पैसे जमा झाल्याचा मेसेज बघूनच टँकर गेटबाहेर काढतो.