थ्रॉटल ओढला पण आरपीएम हलेचना

सोलोचे (एकट्याने उडवायचे) तास भरत होतो, छोटं सिंगल इंजिन विमान, कार्ब्युरेटरवालं, फिक्स्ड पिच (पात्यांचा कोन बदलता न येणारा) प्रोपेलर. एअरफिल्ड 10 मैलांवर असताना खाली यायचं म्हणून थ्रॉटल, म्हणजे पॉवर कमी-जास्त करायचा नॉब, मागे ओढला तर नॉब एकदम हलका, रहाटाचा दोर तुटल्यावर हाताला लागतो तसा, आणि आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) 2300 वर ठाम. पुढे ढकलला, परत ओढला, काही नाही, केबल गेली होती.

गंमत म्हणजे इंजिन बंद पडलं असतं तर काय करायचं ते पाठ होतं, इथे इंजिन मस्त चालू आणि तेच नको झालेलं! हात लगेच मिक्श्चरकडे (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब, पूर्ण ओढला की इंजिन बंद) गेला पण सर नेहमी म्हणायचे चालतं इंजिन फुकट घालवू नकोस, म्हणून हात मागे घेतला. 2300 वर विमान आरामात उडतंय, इंधन भरपूर, मग घाई कसली. रेडिओवर पॅन पॅन (मेडेच्या एक पायरी खालचा तातडीचा इशारा) दिला, थ्रॉटल अडकलाय, फील्डच्या वर येऊन इंजिन बंद करून ग्लाइडने उतरणार असं सांगितलं, फील्डवाल्यांनी रनवे मोकळा केला.

कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब) ओढून बघितली, आरपीएम थोडा पडला. मिक्श्चर लीन केलं, म्हणजे इंधन कमी केलं, तर पॉवर कमी झाली पण इंजिन खडखडायला लागलं, ते काही फायनलवर (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) करायचं काम नव्हे, सोडून दिलं. तसंच पॉवरवर खाली येऊन रनवेच्या तोंडाशी मिक्श्चर ओढायचा मोह होतो बरं का, पण नाक खाली केलं की स्पीड वाढतो, त्या स्पीडला फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) टाकता येत नाहीत, आणि थोडं आधी ओढलं तर रनवेच्या अलीकडेच. उंची हातात असलेली बरी.

फील्डवर एक चक्कर मारली, वारा बघितला. डाउनविंडला (रनवेला समांतर, उलट्या दिशेने जाताना) टचडाउनच्या जागेसमोर, जमिनीपासून 1500 फुटांवर, मिक्श्चर पूर्ण बाहेर. किल्लीने मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारे) बंद केले नाहीत कारण मग प्रोपेलर फिरत असताना न जळलेलं इंधन एक्झॉस्टमध्ये जातं. मास्टर (विजेचा मुख्य स्विच) चालू ठेवला, फ्लॅप इलेक्ट्रिक आहेत ना. 65 नॉट्स धरले, हँडबुकातला ग्लाइड स्पीड. आणि ती शांतता... वाऱ्याचा आवाज तेवढा, प्रोपेलर वाऱ्यावर फिरतोय. बेसला (फायनलआधीच्या आडव्या टप्प्यावर) वाटलं खूपच वर आहोत, तरी रनवे नक्की मिळणार असं दिसेपर्यंत फ्लॅपला हात लावला नाही, मग एकेक करत सगळे टाकले, तरी वरच म्हणून थोडं स्लिप केलं, म्हणजे विमान तिरकं करून उंची घालवली. रनवेच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात टेकलो, ब्रेक, थांबलो.

काउलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडल्यावर कळलं, कार्ब्युरेटरच्या आर्मला केबल जोडणारा बोल्टच गायब, आर्म होता तिथेच राहिलेला. काही इंजिनांत स्प्रिंग असते, केबल सुटली की ती आर्मला फुल थ्रॉटलवर नेते. आमच्यात तशी आहे का हे मी त्या दिवसापर्यंत कधी विचारलंच नव्हतं. पण हे सगळं नंतर, आधी तिघांनी मिळून विमान ढकलत रनवेबाहेर काढलं.