प्राधान्याची क्रमवारी आणि एका शून्याचा त्रास

कामांच्या यादीच्या प्रोग्रॅममध्ये प्राधान्य लावणे हे फार तर पंधरा मिनिटांचे काम, असे समजून मी बसलो आणि त्यात माझी अख्खी दुपार गेली. पातळ्यांना नावे आणि रंग देणे, मुदतीच्या तारखा भरणे हे सारे बिनबोभाट पार पडले. घोडे पेंड खाऊ लागले ते क्रमवारीपाशी.

प्राधान्यानुसार चढता क्रम निवडला की ‘जुन्या केबल आवरणे’ यासारखी कामे माथ्यावर येत आणि दुसऱ्याच दिवशी द्यायचा अहवाल चाळीसेक कामांच्या खाली दडून बसे. उतरता क्रम लावावा, तर सर्वांत बिनमहत्त्वाची कामे वर. मी प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, पातळ्या पुसून नव्याने लावल्या, मदतपुस्तिकाही वाचली; तीत ‘यादी प्राधान्यानुसार लावता येते’ एवढेच लिहिले होते, म्हणजे ज्या आशेवर मी बसलो होतो तीच मला परत ऐकवली गेली.

अखेर वैतागून यादी फाइलमध्ये निर्यात केली आणि ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तेव्हा उलगडा झाला. केबलच्या कामापुढे प्राधान्याचा अंक होता ०, अहवालापुढे १. ही फाइल आयकॅलेंडर स्वरूपातली होती, म्हणजे कॅलेंडर आणि कामांच्या नोंदी एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेण्याच्या ठरलेल्या मांडणीतली; आणि त्याच्या २००९ सालच्या प्रमाणकानुसार, म्हणजे आरएफसी ५५४५ या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजानुसार, १ हे सर्वोच्च प्राधान्य, ९ सर्वांत खालचे आणि ० म्हणजे प्राधान्य ठरवलेलेच नाही. तीनच पातळ्या असतील तर १ ते ४ उच्च, ५ मध्यम आणि ६ ते ९ कमी. प्रमाणकात काहीही संदिग्ध नाही. पण या प्रोग्रॅमने ‘ठरवलेले नाही’ यालाही निव्वळ एक लहान अंक मानून एकाच्या डोक्यावर बसवले होते, आणि हे पडद्यावर कुठेही दिसत नव्हते.

त्यावरचा उपाय दोन मिनिटांचा निघाला, याचाच अधिक राग आला. प्राधान्य नसलेली कामे फिल्टरने वेगळी काढून त्या सर्वांना एकदम ‘मध्यम’ केले, नव्या कामाचे आपोआप लागणारे प्राधान्यही तेच ठेवले आणि समान प्राधान्याच्या कामांसाठी मुदतीची तारीख हा दुसरा निकष दिला. असे घाऊक बदल करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवावी, हे खरे तर आधी सांगायला हवे होते. मीही ती नंतरच काढली. शिवाय माझ्या यादीत एकोणीस कामे ‘उच्च’ होती, आणि तो दोष कोणत्याही प्रोग्रॅमचा नव्हता. त्यांतली पाचच तशी ठेवली, तेव्हा कुठे क्रमवारी वाचण्याजोगी झाली.

तो फिल्टर मात्र मी पुसलेला नाही. फोनवरून घाईघाईत टाकलेली कामे अजूनही त्यात सापडतात, कारण फोनवरच्या आवृत्तीत नव्या कामाचे आपोआप लागणारे प्राधान्य पुन्हा वेगळे ठरवावे लागते, हे मला गेल्या आठवड्यात कळले.